स्टँडवर सापडलेला विषय

पुण्यात अर्बन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला होते आणि थीसिसचा विषय ठरत नव्हता. स्टेशन कुठे असावं, त्याच्याभोवती शहर कसं वसावं, माणसाला सावलीतून गाडीपर्यंत कसं पोचता यावं, हा आमचा अभ्यास. वर्गातल्या सगळ्यांनी एकेक मेट्रो स्टेशन पटकावलं होतं. मी सरांपुढे माझ्या गावचा, घाटंजीचा बस स्टँड ठेवला.

सर हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. "का?" एवढंच विचारलं. लहान गावांकडे कसं दुर्लक्ष होतं यावर मी बरंच बोलले. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. मला घरी जायचं होतं. पुण्याला मी विटले होते, आणि साइट घाटंजीची मिळाली असती तर पुढचे कितीतरी महिने अभ्यासाच्या नावाखाली घर गाठता आलं असतं. "आधी बघून ये, मग ठरवू," सर म्हणाले. मी लगेच बॅग भरली.

घाटंजीत थंडी होती. सकाळीच स्टँडवर जाऊन मी सर्व्हे सुरू केला. कागदावर दोन रकाने, गाडीत चढणारे आणि उतरणारे, आणि त्यात माझ्या रेघा. शेजारी बसलेल्या एका आजोबांना राहवेना.

"काय मॅडम, स्टँड पाडून राह्यले काय?"

"नाही हो आजोबा, लोकं मोजून राह्यली."

"मोजलं का पाडतेच," ते म्हणाले आणि निवांत विडी पेटवली.

तेवढ्यात आई आली. हातात कापडी पिशवी, पिशवीत डबा. आमच्याकडे यवतमाळला खोली करून शिकणाऱ्या पोरांचा डबा घरूनच जातो, सकाळच्या गाडीनं. आया स्टँडवर येऊन तो ड्रायव्हरजवळ ठेवतात आणि तिकडे पोरं स्टँडवर उभी असतात. अकरावी-बारावीला मीही तशीच उभी राहायचे. पिशव्या सगळ्या सारख्याच दिसतात, म्हणून आई माझ्या पिशवीच्या बंदाला लाल चिंधी बांधायची. पुण्याला काही डबा पोचत नाही. आता ती शेजारच्या मुलीचा डबा आणून देते, कारण तिची आई सकाळीच वावरात जाते.

"काय दिलं आज?" मी विचारलं.

"सोल्याची भाजी अन् भाकर."

तुरीच्या ओल्या दाण्यांची ती भाजी मला घरी रात्री भरपेट मिळाली होती. तरीही पिशवी ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसली तेव्हा तिकडे डब्याची वाट पाहणाऱ्या त्या मुलीचा मला असा हेवा वाटला की स्वतःचीच लाज वाटली. तिचं घर अजून एका गाडीच्या अंतरावर होतं.

गाडी निघाली. आई हलली नाही. तिच्यासारख्या आणखी चार-पाच जणी उन्हात उभ्याच होत्या.

"आता काहून थांबली?"

"गाडी वळू दे ना."

गाडी वळली, तेव्हा कुठे ती माझ्याकडे आली आणि कागदात डोकावली. "याच्यात मी कुठं हाय?"

"तू कुठं गाडीत चढते, आई?"

"पण मी तं रोजची हाय इथली."

मी मान वर करून पाहिलं. डबा देणाऱ्या, पोचवायला आलेले, घ्यायला आलेले. अर्धा स्टँड असा होता, ज्याला कुठेच जायचं नव्हतं. यातला एकही माझ्या कागदावर नव्हता. विषय सापडला या आनंदात मी तिथेच आईला मिठी मारली. ती ओशाळली, आजूबाजूला पाहू लागली.

पुण्यात सरांनी सगळं ऐकलं आणि खुर्चीत सरसावून बसले. "उत्तम. पण हे घाटंजीत नको. तिथे ही माणसं कशीतरी उभी तरी राहतात. मेट्रोत त्यांना थाराच नाही. साइट इथलीच घे."

त्यांचं बरोबर होतं, म्हणूनच राग आला. घरची वाट शोधायला गेले आणि पुण्यातच बांधून घालणारा विषय घेऊन आले. हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन मी रडले, अगदी लहान पोरीसारखी. मग आईला फोन केला. विषय मंजूर झाला, पण आता महिन्या-महिन्याला येता येणार नाही, हे एका दमात सांगून टाकलं.

ती म्हणाली, "तुह्या त्या मेट्रोत कोणाले पोचवाले आत येऊ देतेत काय?"

"तिकिटाबिगर आत सोडत नाहीत, आई. बाहेरच थांबा लागते."

"अन् बाहेर?"

"बाहेर रस्ताच आहे. थांबाले जागा नाही."

"मंग तेवढी कर ना," ती म्हणाली. "मी आली तं उभी कुठं राहू?"