समोर बसून गजरा येत नाही

मोगऱ्याच्या कळ्या पहाटे खुडायच्या आणि त्या उमलायच्या आत केळीच्या सोपटाच्या, म्हणजे खुंटाच्या सालीच्या दोऱ्याने गजरे बांधून मोकळं व्हायचं, हे मी लग्न होऊन वाडीत आले तेव्हापासून करते. हल्ली मान लवकर भरून येते.

नात पाचवीत गेली, म्हणजे माझ्या पुढे गेली. तिच्या बाईंनी वर्गात चार-चार मुलींचे गट केले. प्रत्येकीने घरातल्या मोठ्या माणसाकडून एक काम शिकायचं आणि ते गटाला शिकवायचं. नातीने गजरा निवडला. पण ती शिकायला बसलीच नाही. समोर मोबाईल धरून माझ्या हातांचा व्हिडिओ काढला आणि गेली. मला वाटलं, आता असंच शिकत असतील.

शाळेत मोबाईल चालत नाही. गटापुढे तिने सोपट हातात घेतलं आणि एकेक कळी गळून मांडीवर पडली. एक मुलगी म्हणाली, "हिचा गजरा बफर होतोय." सगळ्या हसल्या. घरी येऊन तिने दप्तर टाकलं आणि उद्यापासून शाळेत जाणार नाही म्हणाली.

'बफर'चा अर्थ मी विचारला नाही. बांधून दाखव म्हटलं. माझा उजवा हात मोबाईलमध्ये डावीकडे दिसला, म्हणून ती वेढा डाव्या हाताने घेत होती आणि गाठ उजव्याने ओढत होती. आमच्यात शिकणारी कधी समोर बसत नाही. सासूने मला शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून बसवलं होतं. व्हिडिओ काढताना हे सांगायला हवं होतं. आता तिला तसंच शेजारी बसवलं.

बाईंचा निरोप आला, आजींनी वर्गात येऊन दाखवावं. चौथीनंतर मी शाळेची पायरी चढलेली नाही. गटालाच इकडे आण म्हटलं.

रविवारी तिघी नालासोपाऱ्याच्या बिल्डिंगींतून रिक्षाने आल्या. ओट्यावर सगळ्यांना एका रांगेत बसवलं. बोलले थोडंच. 'बफर' म्हणालेली मुलगी टोकाला बसली होती, तिला माझे हात दिसेनात. मला उठवत नव्हतं. नात उठली, तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"माझ्या तोंडाकडे नको बघू. हाताकडे बघ," नात तिला म्हणाली.

तोवर निम्म्या कळ्या उमलल्या, बाजाराच्या कामाच्या राहिल्या नाहीत. वेडेवाकडे गजरे माळून मुली गेल्या. मी भिंतीला टेकून तशीच बसून राहिले.

सोमवारी नातीने भिजवलेल्या सोपटाची जुडी दप्तरात घातली आणि शाळेत गेली.