कान कधी रिकामा नसतो

माझे वडील हुपरीला पैंजण करायचे. तयार झालेलं प्रत्येक पैंजण ते कानाजवळ धरून हलवायचे, मग माझ्या कानाशी. नीट वाजलं तर मी "वाजतंय" म्हणायचं. नाहीतर "मुकं" म्हणून ते बाजूला पडायचं. ही तपासणी दिवसातून दोनदा व्हायची. सकाळी मुकी ठरलेली काही पैंजणं जेवणानंतर छान वाजायची. पैंजण तेच, मग असं का, असं मी एकदा विचारलं.

"पैंजण त्येच हाय की. कान त्यो न्हाय," ते म्हणाले. "कान कधी रिकामा नसतोय, बाळ."

ते गेले ते सत्तरच्या दशकात. तेव्हा मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत एकटी राहत होते, कॉलेजात शरीरशास्त्र शिकवत होते. शेजारणीची लहान मुलगी पैंजण घालून अंगणात दुडदुडायची. कधी ती नुसती तिची पैंजणं असत. कधी मात्र, पेपर तपासताना, तोच आवाज थेट कानाशी यायचा, वडिलांच्या हातातून. मी मान वर न करता म्हणायचे, "वाजतंय."

मुक्कामाला आलेल्या चुलतीनं हे ऐकलं.

"भावजी अडकल्यात तुझ्यापाशी. अमुश्याला देवरुष्याकडं जायाचं."

"मी येणार नाही."

"मग डोस्क्याच्या डाक्टरकडं चल. दोनातलं एक काय तरी हाय की!"

"दोन्ही नाही, काकी."

भूत नाही आणि वेडही नाही, हे मी हट्टानं म्हणत नव्हते. कॉलेजच्या ग्रंथालयात मेंदूतल्या विजेचे आलेख मी पाहिले होते. माणूस डोळे मिटून स्वस्थ पडला तरी त्या रेघा थांबत नाहीत. त्याच्यासमोर तोच दिवा, तेवढाच, पुन्हापुन्हा लावला, तरी मेंदूचं उत्तर दरवेळी थोडं निराळं. बाहेरची खूण येते तेव्हा आत आधीच काहीतरी चाललेलं असतं, आणि उत्तर त्या दोघांचं मिळून बनतं. मुलीच्या पायातली पैंजणं खरीच होती. ऐकणाऱ्या डोक्यात वडील आधीपासून होते.

हे काकीला कसं सांगावं? मी म्हटलं, "पंचमीच्या झोक्याला तू धक्का देतेस. धक्का तेवढाच, पण झोका पुढं चाललेला असला तर उंच जातो, मागं येत असला तर अडतो. डोकं म्हणजे तसा झोका. तो कधी थांबतच नाही."

"झोपंत बी?"

"झोपेतसुद्धा."

"मग तुज्या झोक्यावर भावजी बसल्यात म्हण की!"

"बसू देत. मी उतरवणार नाही. आणि कुणाला उतरवू देणार नाही."

"लई शिकलीस," म्हणत ती दुपारच्या एस्टीनं हुपरीला गेली. पण जाताना शेजारणीला सांगून गेली होती. संध्याकाळी मुलगी अंगणात आली, पाय मोकळे.

मी शेजारणीच्या दारात गेले. एरवी मी कुणाच्या दारात जात नसे.

"पैंजण घाला तिला."

"बाई, तुमच्याच भल्यासाठी काढली. काकी म्हणाल्या..."

"माझं भलं मला कळतं. आणा इकडं."

तिनं डब्यातून काढून दिली. उंबऱ्यावर बसून मी एकेक पैंजण कानाशी धरून हलवलं. त्या दिवशी वडील आले नाहीत. नुसतं चांदीचं किणकिणणं होतं. तरी मी, शेजारीण बघत असताना, मोठ्यानं म्हटलं, "वाजतंय," आणि मुलीचा पाय मांडीवर घेतला.