ऋषिपंचमीची बिनफोडणीची भाजी

मला वाद घालायची खोड आहे. तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवल्याचा परिणाम असेल. नवरा म्हणतो, भूमितीला उगाच बदनाम करू नकोस, तू माहेरूनच तशी आलीस. काही का असेना, गेल्या वर्षीच्या पंचमीला मी जो वाद घातला, तो घातला नसता तर बरं झालं असतं.

भाद्रपदात परभणीच्या भाजीबाजारात गेलं की माझं डोकं फिरतं. उन्हाळाभर बटाटा नि डाळीवर दिवस काढलेले असतात, आणि इथं एकदम दोडके, पडवळ, कोवळी भेंडी, अंबाडीच्या जुड्या, काटेरी काकड्या, दुधाळ दाण्यांची कणसं! दोन पिशव्या नेल्या तरी तिसरी विकत घ्यावी लागते. आणि नेमकी ह्याच दिवसांत, गणपती बसले की दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमी येते.

आमच्याकडे त्या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. नांगरलेल्या रानातलं काही चालत नाही, म्हणून ज्वारी, गहू, डाळी बंद. तेलही बंद, कारण पूर्वी घाण्याला बैल जुंपायचे. परसात हातानं लावलेलं, वेलावर आलेलं नाहीतर आपोआप उगवलेलं तेवढंच चालतं. त्या सगळ्याची एका पातेल्यात एकच भाजी करायची, मीठ, चिंच नि हिरवी मिरची घालून. फोडणी नाही. चवीचं काही विचारू नका. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला मी सासूबाईंना विचारलं होतं, "आत्याबाई, मीठ कशातनं आलं? बैलगाडीतनंच ना?" त्या हसल्या. म्हणाल्या, "लय शानी हायेस. खा गुमान."

सासूबाईंना मी आत्याबाईच म्हणते. सोनपेठकडच्या खेड्यात, सासरे गेल्यावर, त्यांनी एकटीनं शेती केली. त्यांची शेवटची बैलजोडी होती एक तांबडा नि एक पांढरा. पांढऱ्याची आई तो चार दिवसांचा असताना मेली, तेव्हा आत्याबाईंनी त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवला. तो त्यांच्या पदराला तोंड लावल्याशिवाय वैरणीकडे वळायचा नाही. मी सुट्टीत गेले की चिडवायचे, "तुमचा धाकटा लेक आला बघा."

मग त्यांचे गुडघे गेले, शुगर वाढली, एकदा गोठ्यातच चक्कर येऊन पडल्या. तिकडं एकटं ठेवणं शक्यच नव्हतं. शेत बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, दिलं. बटईदाराकडे ट्रॅक्टर होता, त्याला बैल नको होते. ते विकायचे, हे मी ठरवलं. नवरा मान खाली घालून बसला होता, त्याच्या तोंडून ते निघालंच नसतं. म्हणून मीच म्हणाले, "आत्याबाई, परभणीच्या घरात बैल बांधायचे कुठं? गच्चीवर?" काय गरज होती मला असं बोलायची! गोदावरीपलीकडच्या एका शेतकऱ्यानं आठवडी बाजारात जोडी घेतली. "लेकरावानी सांभाळतो," म्हणाला आणि फोन नंबर देऊन गेला. तो मी 'बैल' म्हणून फोनमध्ये ठेवून दिला. पुढं तीन वर्षं आत्याबाईंनी त्या बैलांचं नावसुद्धा काढलं नाही. मला वाटलं, विसरल्या. वाटलं म्हणजे, मी तसा समज करून घेतला.

तर गेल्या वर्षीची पंचमी. गोळ्या खाऊन आत्याबाईंच्या तोंडाची चव गेली होती, चार घासांवर त्या उठायच्या. मी ठरवलं, आज ह्यांना पोटभर जेवू घालायचं. बाजारातून आणलेल्या भाज्यांना करडीच्या तेलात मोहरी-लसणाची झणझणीत फोडणी दिली, वरून दाण्याचं कूट घातलं. गरम भाकरी केल्या. शेजारपाजारपर्यंत वास गेला असेल. ताट पुढं ठेवलं तर आत्याबाई नुसत्या बघत राहिल्या.

"आज भाकर?"

माझी सिद्धता तयारच होती. कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "आत्याबाई, आपल्या रानात आता बैल आहे का? नाही. नांगरट कशानं होते? ट्रॅक्टरनं. तेल कशावर निघतं? मशीनवर. म्हणजे ह्या ताटात बैलाचे कष्ट शून्य. झालं सिद्ध. जेवा आता."

नवरा हसला. मीही हसले. आत्याबाईंनी ताट हळूच पुढं सरकवलं.

"मला भूक न्हाई."

माझं डोकंच सटकलं. शुगरची गोळी त्यांनी सकाळीच घेतलेली, घड्याळात बारा वाजून गेलेले. म्हटलं, "हा काय हट्ट? पोटात अन्न नाही, चक्कर येऊन पडलात तर धावपळ कुणाची?"

त्या रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. म्हणाल्या, "बैल न्हाई म्हणून खा म्हणायलीस. बैल कशानं न्हाई गं? त्याच्या जागी ट्रॅक्टर आला म्हणूनच ना? त्याला काढून जे पिकवलं, ते आजच्या दिशी कसं खाऊ? वरीसभर खातेच की. आज घशाखाली उतरंना."

मी कंबरेवरचे हात खाली घेतले नि ते ताट उचलून ओट्यावर ठेवलं.

आत्याबाईंचे हात थरथरायला लागले होते. "निदान केळं तरी खा," म्हटलं, तर म्हणाल्या, "ते बी मळ्यातलंच." मी तशीच शेजारणीकडे पळाले. तिच्या अंगणातल्या झाडाचे दोन पेरू तोडले, एक कापून आत्याबाईंच्या हातात दिला. तो त्यांनी खाल्ला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मग पुन्हा गेले. शेजारणीच्या न्हाणीमागे सांडपाण्यावर माजलेला अळू होता, कुंपणावर दोडक्याचा वेल होता. ती म्हणाली, "घ्या की, विचारायचं काय त्यात." बाजूच्या मोकळ्या प्लॉटवर तांदुळजा नि घोळ उगवली होती. नवऱ्याला खाली बसवून ती खुडायला लावली. काँग्रेस गवतात वाकून हा माणूस भाजी निवडतोय नि येणारे-जाणारे बघतायत! एरवी मी किती हसले असते.

आत्याबाई स्वयंपाकघरात स्टुलावर येऊन बसल्या. अळूचे देठ सोलायला लागल्या. मी सगळं एका पातेल्यात घातलं, चिंच, मीठ, शेजारणीच्याच कुंडीतल्या दोन मिरच्या. उकळी आली तसा हिरवा, आंबूस वास सुटला, अगदी त्या पहिल्या पंचमीसारखा. कढई घासून पालथी घातली. मोहरीचा डबा फळीवर ठेवला. मला रडू येत होतं आणि कांदा चिरत नसल्यामुळे सांगायला निमित्तही नव्हतं.

वाटीत भाजी वाढून मी त्यांच्यासमोर खाली बसले. दोन घास झाल्यावर त्या म्हणाल्या, "बरी झालीय." मग वाटीतच बघत म्हणाल्या, "त्यो माणूस पांढऱ्याला आज तरी जुंपत नसंल ना गं? येळेवर पाणी दाखवत असंल?"

तीन वर्षांत पहिल्यांदा.

"असेल की," म्हटलं.

"तुज्याजवळ नंबर हाय. इचार की."

म्हणजे नंबर आहे हे त्यांना सगळे दिवस माहीत होतं. त्या माझ्या विचारण्याची वाट बघत होत्या, आणि मी कधी विचारलं नव्हतं. मी फोन उचलला. 'बैल' शोधलं. फोन लागला. मी ओळख सांगितली, पांढऱ्या-तांबड्याची जोडी, सोनपेठकडची. पलीकडचा माणूस भला होता, आदरानं बोलत होता.

"ताई, ती व्हय? गेल्या उन्हाळ्यातच काढली की. आमी बी ट्रॅक्टर घेतला. बाजारात देऊन टाकली."

"कुणाला?" मी विचारलं.

"त्ये आता काय सांगावं ताई. यापारी व्हता. घेऊन गेला ट्रकात."

मी फोन कानाला तसाच दाबून धरला. पलीकडून त्यानं केव्हाच ठेवला होता. आत्याबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या, घास हातात तसाच.

"काय म्हणला?"

आयुष्यात मी खरं तेच बोलत आले. लोकांना टोचलं तरी बोलले, आणि त्याचा मला ताठाही होता.

"बरे आहेत म्हणाला," मी म्हणाले. "आज पंचमी, आज जुंपलं नाही म्हणाला. पांढरा सावलीत बसलाय म्हणाला."

आत्याबाईंनी डोळे पुसले, हातातला घास खाल्ला नि वाटी पुढं केली. म्हणाल्या, "वाढ अजून थोडी. तू बी घे की, कवाची उपाशी हायेस."

मी त्यांना वाढलं. मग माझ्या वाटीत घेतलं आणि पहिला घास तोंडात घालून तशीच बसून राहिले. तो खाली उतरेना.