फ्लॉपीच्या फटीतल्या अक्षता

सुमेधाबाईंची माझी पहिली भेट महाविद्यालयाच्या शिक्षककक्षात झाली. मी इंग्रजीची, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, आणि त्याचा तोरा भरपूर. भौतिकशास्त्राच्या या बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळले आणि विचारले, "अहो, आपण चहा घेणार, की टी?" तेव्हापासून आमचे जमले.

बाई बिबवेवाडीच्या, घर बौद्ध. पौर्णिमेला विहारात जाणे त्यांनी कधी चुकवले नाही आणि त्याचा गाजावाजाही केला नाही. माझे यजमान आजारी पडले तेव्हा मी सोळा सोमवार धरले होते. बाईंनी उपासाची भगर आणून दिली आणि मोठ्या डॉक्टरांची वेळही घेतली. म्हणाल्या, "सोमवार तुम्ही सांभाळा. मंगळवारी तपासणीला मी बरोबर येते."

पण मला लिहायचे आहे ते खंडेनवमीबद्दल. 'वादाचे विषय टाळावेत' अशी बाईंच्या या गौरवअंकाच्या समितीची सूचना आहे. सूचना वाचली.

महाविद्यालयात संगणक नुकते आले होते. प्रयोगशाळेतल्या उपकरणांबरोबर त्यांचीही पूजा झाली. बाई विभागप्रमुख होत्या आणि प्राचार्यपदासाठी त्यांचेच नाव पुढे होते. पूजेला त्या शांतपणे उभ्या राहिल्या, फक्त हात जोडले नाहीत. दसऱ्यानंतर मुख्य संगणक फ्लॉपी घेईना. कार्यालयातून आवाज आलाच, "विभागप्रमुखच देव मानत नाहीत, मग दुसरं काय होणार!"

बाईंनी यंत्र उघडले, चिमट्याने फटीतल्या अक्षता काढल्या, ब्रशने कुंकू झाडले. तांदळाचे दाणे केरात न टाकता पूजेच्या तबकात ठेवले. "हे तुमचं. पुढच्या वर्षी यंत्र झाकून मग वाहा."

लगेच आमच्यातले एक विवेकवादी प्राध्यापक धावत आले. "बाई, वर्तमानपत्रात देऊ या! श्रद्धेचा पराभव!"

"तांदूळ अडकला होता, सर. एवढंच सिद्ध झालंय."

झाले. एका गटाने त्यांना नास्तिक ठरवले, दुसऱ्याने भित्र्या. प्राचार्यपद मिळाले ते दोन्ही गटांना चालणाऱ्या, म्हणजे कशावरच मत नसलेल्या एका गृहस्थांना. बाई दुसऱ्या दिवशी वेळेवर तासाला गेल्या. धुमसत राहिले ती मी, आणि आता त्याचाही थकवा आला आहे. श्रद्धा आणि विज्ञान एकत्र नांदू शकतात का, यावर या शहरात मी किती परिसंवाद ऐकले! बाईंच्या मेजावर ती दोन्ही सुखाने नांदत होती. नांदू दिले नाही ते आम्ही.

आता पंच्याहत्तरीनिमित्त त्याच संस्थेने शाल काढली आहे. सुमेधाबाई, आपण ठणठणीत राहा, शंभरी ओलांडा. आमच्या संस्थेला शहाणपण फार सावकाश सुचते. ते पाहायचे तर आपल्याला भरपूर जगावेच लागेल.