आयाच्या हातातल्या बांगड्या

नवरा गेल्यावर दोन महिन्यांनी मी ब्रह्मपुरीजवळच्या एका सरकारी दवाखान्यात रुजू झाले. तो आलापल्लीला जंगल खात्यात होता. मेंदूच्या मलेरियाने चार दिवसांत गेला. मी डॉक्टर, उशाशी बसलेली असताना. बदली मीच मागून घेतली. नव्या गावात कुणाला काही ठाऊक नसेल, असं वाटलं होतं. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही मोकळ्या कपाळानेच वाढलो. मोकळं कपाळ इतकं काही सांगून टाकतं, हे मला कुठे माहीत होतं!

पहिल्याच आठवड्यात एका पहिलटकरणीला बैलगाडीतून आणलं. कळा थकल्या होत्या, बाळाचे ठोके मंदावत होते. तिची सासू दारातच आडवी आली.

"तुमी नाई बाई. नर्सबाईले पाठवा."

"नर्स रजेवर आहे. डॉक्टर मीच आहे."

"कपाळ पाहा तुमचं, हात पाहा! घरचं पयलं लेकरू हाय. काऊन अपशकुन करता?"

मी मनात वाक्य जुळवत राहिले. आत पोर किंचाळली.

दवाखान्यातल्या आयाने मला मागच्या खोलीत ओढलं. "तुमी विचार करून राह्यल्या अन् तिकडे पोरगी मरून राह्यली." स्वतःच्या हातातल्या दोन हिरव्या बांगड्या तिने साबण लावून माझ्या हातात चढवल्या. कपाळावरची टिकली काढून मला लावली. मी हात मागे घेतला नाही.

बाहेर येऊन तीच म्हणाली, "बाई आंघोळ करून लावाले विसरल्या. साहेब दौऱ्यावर असतेत त्यांचे."

"मंग आधी सांगाचं ना वो!" म्हातारी बाजूला झाली.

प्रसूतीआधी हात धुताना बांगड्या काढाव्याच लागतात. म्हातारीने त्या पदरात धरून ठेवल्या. चिमटा लावून मूल काढलं. बराच वेळ रडलं नाही, मग रडलं. म्हातारीने स्वतः बांगड्या माझ्या हातात घातल्या.

"साहेब कवा येतेत?"

"शनिवारी," मी म्हणाले. हे खोटं आयाने सांगितलं नव्हतं, माझंच होतं ते.

बांगड्या शनिवारपर्यंत परत करायच्या, असं ठरवलं होतं. त्याआधीच बाजारातून टिकल्यांचं पाकीट आणून टेबलाच्या खणात ठेवलं होतं. शनिवारी पहिलीच बाई तपासून घ्यायला बसली आणि हसून म्हणाली, "आले का साहेब?"

"नाही. काम वाढलं त्यांचं."

बांगड्या अजून हातातच होत्या. मी तिची नाडी मोजायला घेतली. मध्येच आकडा हरवला. पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले.