भिंतीतले बारा व्होल्ट

गेल्या हिवाळ्यात आमच्या कळंब्याच्या घरातली एक भिंत सकाळच्या वेळी कोमट लागायची. तलावावरून येणारा गार वारा खिडकीच्या फटींतून अंगाला झोंबत असताना त्या भिंतीला तळहात लावावा आणि आतून हळुवार ऊब यावी, किती सुखद होता तो स्पर्श! आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, पलंग त्याच भिंतीला लागून होता. गुडघ्यांनी जवळजवळ असहकार पुकारलेला, त्यामुळे त्यांचा बहुतेक दिवस पलंगावरच जाई. "सूनबाई, हिथं पाठ टेकली की कंबरंला लई बरं वाटतंय बघ," असं त्या रोज म्हणत. पलीकडे न्हाणीघर, तिथला गीझर, तिथलं ऊन पाणी. त्याचीच ही ऊब असणार, असं मी गृहीत धरलं होतं. दुःखाची कारणं आपण किती चिकाटीने शोधतो! सुखाची चौकशी मात्र कोण करतं?

शेजारच्या सुमनताई एकदा सकाळी चहाला आल्या. त्या मूळच्या हुपरीच्या. घरात सगळे चांदीचे पैंजण घडवणारे. या एकट्या वीजकाम शिकल्या आणि निवृत्त होईपर्यंत एका प्रशिक्षण संस्थेत मुलांना तेच शिकवत राहिल्या. आत्याबाईंना त्यांचं फारसं कौतुक नव्हतं. "बाईमाणसानं तारंला हात लावायचा असतोय व्हय?" हे त्यांचं मत त्या सुमनताईंच्या तोंडावरही बोलून दाखवत, आणि सुमनताई नुसत्या हसत.

हल्ली गीझरचं पाणी लवकर तापत नाही, अशी माझी तक्रार ऐकून घेत त्या आत्याबाईंची विचारपूस करायला आत गेल्या. बोलता बोलता त्यांचा हात भिंतीला लागला आणि तिथेच थांबला. चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"गीझर चालू आहे का आत्ता?"

"आहे."

"आधी बंद करा. आणि आजींना इथून उठवा."

आम्ही दोघींनी आत्याबाईंना धरून बाहेरच्या खोलीत बसवलं. त्यांचा संताप काय वर्णावा! "माजी ऊब बी बघवंना व्हय गं तुला?" सुमनताईंनी पलंग, गाद्या, वाकळा, सगळं भिंतीपासून दूर सरकवलं, घरून वीज मोजायचा मीटर आणला आणि माझ्या हाती कागद-पेन्सिल दिली.

"आता दोनच मिनिटं गीझर लावू. आकडे मी सांगते, गणित तुम्ही करा वहिनी."

मी मराठीची प्राध्यापिका. गणिताला रुक्ष, निष्प्राण म्हणून हिणवण्यात माझं तारुण्य गेलेलं, आणि त्या हिणवण्यामागे निव्वळ भीती होती हे मी कुणापाशी कबूल केलं नव्हतं. पण त्या क्षणी भ्यायलाही सवड नव्हती. सुमनताई एकेक आकडा सांगत गेल्या. वीज घरात शिरते तिथे दाब दोनशे तीस व्होल्ट. गीझरपाशी दोनशे अठरा. तारेतून वाहणारा प्रवाह बारा अँपिअर.

"मधले बारा व्होल्ट कुठं गेले?" त्यांनी विचारलं. उत्तरही त्यांनीच दिलं. "वाटेत अडले. व्होल्टला अँपिअरनं भागा, म्हणजे अडवणूक किती ते कळेल."

बाराला बारानं भागून मी एक लिहिला. एक ओहम. तो एक मला क्षुल्लक वाटला. पण त्या म्हणाल्या, एवढ्याशा अंतरात तार धड असती तर याचा पाचवा हिस्साही भरला नसता. "आता भागू नका, गुणा. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट." बारा बारे एकशे चव्वेचाळीस.

"शंभरचा जुना बल्ब पेटता असताना हात लावलाय कधी? तसले जवळजवळ दीड बल्ब तुमच्या भिंतीत तापतायत. दोनशे अठरा गुणिले बारा करा, गीझरला काय उरतं तेही दिसेल." सव्वीसशे सोळा आले. तीन हजार वॅटचा तो गीझर. पाणी तापायला उशीर का, ते कागदावर लख्ख उमटलं होतं. ज्या उबेला पाठ लावून एक थकलेला जीव दिवसचे दिवस निश्चिंत बसत होता, ती ही!

त्यांनी गीझरची वीज तोडली. दुसऱ्या दिवशी मुख्य खटका पाडून, गवंड्याला शेजारी उभं करून भिंत फोडली. आत दोन तारांचा नुसता पीळ देऊन केलेला सांधा होता. त्यावरची पट्टी वितळलेली, प्लास्टिकची नळी काळीठिक्कर, आणि पलंगामागच्या फळीसाठी भिंतीत बसवलेल्या लाकडी ठोकळ्याची एक कड जळून कोळसा झालेली. त्या कोळशापासून आत्याबाईंची उशी वीतभरही लांब नव्हती.

आत्याबाई माझ्या खांद्याचा आधार घेत आल्या. भगदाडातल्या त्या कोळशाला त्यांनी बोट लावून पाहिलं. मग सुमनताईंचा काळवंडलेला हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला. "लई बोलले गं तुला. मनात ठेवू नगंस."

नवी तार पडली, भिंत बुजली, गार झाली. आत्याबाईंच्या कमरेला आता मी रोज गरम पाण्याची पिशवी देते. कृतज्ञता व्यक्त करायला शब्द शोधणं हा माझा व्यवसायच. तरी त्या आठवड्यात मला एकही धड शब्द सापडला नाही. शब्द सापडले ते आत्याबाईंना, ज्या शाळेची पायरीही चढल्या नव्हत्या. सुमनताई पुन्हा आल्या तेव्हा आत्याबाईंनी त्यांना जवळ बसवून घेतलं.

"ते भागायचं न् गुणायचं काय हाय, मला बी सांग की. कळंल तेवढं कळंल."

सुमनताईंनी पेन्सिल उचलली आणि तशीच धरून ठेवली. डोळे भरून आले होते. "शेकडो पोरांना शिकवलं आजी," त्या म्हणाल्या, "पण घरात बसून असं कुणी कधी विचारलं न्हाय." मग त्यांनी कागद गुडघ्यावर घेतला आणि अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. मीही खाली बसले.