निरोपाचं भाषण

ऐका, आणि हसायचं ते मोकळेपणानं हसून घ्या. माझ्या बायकोचं हसणं अजून थांबलेलं नाही, तेव्हा तुमच्या हसण्यानं माझं काही बिघडत नाही.

मी सोलापुरात वायरमनच्या परीक्षेची शिकवणी घेतो. बाहेरगावच्या मुलांसाठी ऑनलाइन धडे करावेत, अशी मध्यंतरी हौस आली. धडे बनवायचं एक सॉफ्टवेअर महिनाभर ट्रायलवर फुकट मिळत होतं. फुकट म्हटल्यावर आपण मागे राहतो होय? केले की धडे! प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला माझं प्रास्ताविक, जरा ऐसपैस. बोलल्याशिवाय शिकवणं मला जमतच नाही.

परीक्षा तोंडावर आली, आणि एका दुपारी माझ्या कॉम्प्युटरवर लाल पट्टी: ट्रायल आज संपणार!

पहिली आठवली ती मंगळवेढ्याची महादेवी. तिला वर्गाला येणं जमत नव्हतं, सगळी भिस्त त्या धड्यांवर. वडिलांनी बजावलं होतं, या खेपेला पास हो, नाहीतर शिकणं बंद. लगेच फोन लावला.

"महादेवी, उद्यापासून धडे दिसणार नाहीत! मिळेल तेवढं वहीत उतरव!"

"आवं सर, एवढं कसं उतरवू? रानात ज्वारीची काढणी चालू हाय की!" पोरगी रडायलाच आली.

बायको म्हणाली, "अहो, मुलांचं बंद होणार असं लिहिलंय का कुठं? कंपनीला विचारा तरी."

"ट्रायल संपली म्हणजे संपली! त्यात विचारायचं काय?" मी खेकसलो.

आता आपल्याकडे शिपायाची बदली झाली तरी हार, नारळ आणि चार भाषणं होतात. मग माझ्या वर्गाला निरोप नको? कोट चढवला, मोबाइल तांब्याला टेकवला आणि बोललो. रडलोसुद्धा! "मुलांनो, हा वर्ग आता बंद. पुन्हा इकडे येऊ नका..." धडे उघडले की आधी तेच लागेल, असं ते सगळ्यांत वर ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सॉफ्टवेअरनं मला दारातच अडवलं. ट्रायल संपली! तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, माझ्या फोनवर तुमचे धडे दिसतायत की!"

दिसत होते! बंद झालं होतं ते फक्त माझं काम, नवं बनवणं आणि जुनं बदलणं. मुलांना सगळं उघडं! मी आनंदानं ओरडणार, तोच तिच्या फोनमधून माझा रडका आवाज आला, "पुन्हा इकडे येऊ नका..."

अरे देवा! आता हे काढायचं कसं?

ग्रुपवर लिहिलं, "धडे चालू आहेत, बघा!" सगळ्यांचं "बरं सर" आलं. महादेवीचं काहीच नाही. फोन लावला, उचलेना. पुन्हा लावला, तर कट! पोरीनं आशाच सोडली की काय? आणि कुणामुळं? माझ्या भाषणामुळं!

स्कूटर काढली ती थेट मंगळवेढा. वडिलांना काय तोंड दाखवायचं, याचीच रस्ताभर जुळवाजुळव.

ते अंगणातच होते. "या की सर! एवढ्या उनाचं?"

"महादेवी कुठंय?"

"आत हाय. सकाळधरनं मोबाइलात तोंड घालून बसलीया. कुणाचा फोन आला तर कट करती."

आत डोकावलो. धडा चालू होता. माझाच!

"अगं, निरोपाचं भाषण ऐकलं नाहीस?"

"कसला निरोप, सर?"

"सगळ्यांत आधी लागतं ते! मी रडलोय त्यात!"

तिनं मान खाली घातली. "सर, रागावू नका. तुमी बोलाय लागला की आमी पुढं ढकलतो. धडा आला की थांबतो. सगळीच पोरं असं करत्यात की."

महादेवी पास झाली. भाषण अजून तिथंच आहे, आणि माझ्या बायकोशिवाय ते पूर्ण कुणीही ऐकलेलं नाही. ती मात्र पाहुणे आले की लावते.